ढालवाले काकाजी

“काकाजी, कुठी हाय तुमी?” नितेशनं मोबाइलवरची नजर न काढता विचारलं. “दारात राक्षस आले ना बाप्पा. समोर ढालच नाई.”

“इथीच हाय ना,” वानखडे म्हणाले.

ते इथंच होते, म्हणजे खिडकीपाशी, नेहमीच्या जागेवर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. गाडीनं नुकतंच कुरूम सोडलं होतं. पण नितेश गाडीतलं विचारत नव्हता. तो मोबाइलवरच्या खेळातल्या किल्ल्याच्या दारातलं विचारत होता, आणि किल्ल्याच्या दारात वानखडे नव्हते. ते तिथून बरेच लांब, एका तळ्याच्या काठाकाठानं चालले होते.

“मेलो मी,” समोरच्या बाकावरून श्याम म्हणाला. तो मूर्तिजापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता आणि पोरांची हजेरी घ्यावी तसं रोज सकाळी स्वतःचं मरण जाहीर करायचा.

“मीपन,” रागिणी म्हणाली. तिनं मोबाइल ओढणीत ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

नितेश एकटा आणखी मिनिटभर लढला. मग त्यानंही मोबाइल मांडीवर पालथा टाकला. “काकाजी, तळ्यावर काय करून राहिले होते तुमी?”

“पानी पाहून राहिलो होतो.”

“पानी?”

“वरून नाला येते ना त्या तळ्यात. बारमाही वाहते. पन तळं कधी भरून सांडत नाही. मंग पानी जाते कुठी? पान्याले वाट पायजे.”

श्याम हसला. नितेश हसला नाही. तो अकोल्याला विमा कंपनीच्या ऑफिसात होता, एकतीस वर्षांचा होता, आणि गेल्या दोन महिन्यांत हा किल्ला त्यानं अठ्ठावीस वेळा गमावला होता. त्यातले निदान वीस पराभव तरी वानखड्यांच्या खाती जमा होते. माना स्टेशन खिडकीतून मागे गेलं. आता मूर्तिजापूर दहा मिनिटांवर आलं होतं, म्हणजे आजचा दिवस गेला.

किल्ल्याचा नियम सरळ होता. आत जायला चार जण लागत, तीन नाही आणि पाचही नाही. श्याम मूर्तिजापूरला उतरून शाळेकडे पळायचा. त्यामुळे बडनेऱ्याला गाडी सुटल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत जी काय चाळीसेक मिनिटं मिळत, तेवढ्यात सगळी लढाई उरकावी लागे. संध्याकाळी परतताना चौघांच्या गाड्या वेगळ्या असत, आणि एका गाडीत असते तरी रागिणी झोपलेली असती.

हे अपडाऊनवाले. घर अमरावतीला, नोकरी मूर्तिजापूर-अकोल्याकडे, आणि आयुष्याचे रोजचे दोन-तीन तास रुळांवर. पूर्वी याच डब्यात, याच चार जागांवर पत्ते चालायचे. गुडघ्यांवर रुमाल ताणून धरायचा आणि त्यावर मेंढीकोट मांडायचा. वानखड्यांनी या खिडकीत बसून तीन पिढ्यांचे भिडू पाहिले होते. कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, एक जण तर पिसणी चालू असतानाच हार्ट अटॅकनं गेला. मग मोबाइल आले आणि रुमाल खिशात गेला. तीन वर्षांपूर्वी नितेश आला आणि त्यानं सगळ्यांच्या मोबाइलवर हा गेम टाकला. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, म्हणून डब्यात सगळे त्याला ‘राज्य’ म्हणत. त्यात डोंगर होते, जंगलं होती, राक्षस होते आणि जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्यातून हिंडत होते. मात्र चमू चौघांचा लागे, आणि तीन जण तर तयारच होते.

“काकाजी, तुमाले काई करायचं नाई,” नितेश तेव्हा म्हणाला होता. “तुमी ढालवाले. फक्त समोर उभं राहायचं अन् मार खायचा. मारायचं काम आमचं.”

“ते त मी तीस वर्सं करूनच राहिलो,” वानखडे म्हणाले होते.

यात अतिशयोक्ती नव्हती. देवमन वानखडे अकोल्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. शेत मोजायचं आणि हद्द दाखवून द्यायची, हे त्यांचं काम. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात, आणि दोन सख्ख्या भावांना एकमेकांचं तोंड न पाहण्यासाठी हातभर धुरा पुरतो. मोजणीच्या दिवशी एक भाऊ या बाजूला, दुसरा त्या बाजूला आणि मध्ये टेप धरून वानखडे. शिव्या दोन्हीकडून यायच्या. ऊन वरून यायचं. तीस वर्षं काळ्या मातीतून चालून त्यांचा डावा गुडघा संपला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. आता ऑफिसात उपग्रहावर चालणारी यंत्रं आली होती. नवी पोरं काठी रोवून अर्ध्या तासात शेत मोजून मोकळी होत. वानखड्यांना टेबलावर बसवलं होतं. निवृत्तीला दोन आठवडे उरले होते आणि त्या दिवसांत त्यांच्याकडून कोणालाच काही नको होतं.

राज्यात मात्र गुडघा नव्हता.

पहिल्या दिवसापासून ते नितेशच्या मागे धावायचे ते फक्त वळणापर्यंत. पडद्यावर लाल बाण यायचा, ‘इकडे पळा’ म्हणून. सगळे बाणामागे पळत. वानखडे बाणाकडे पाहून मान हलवायचे आणि डावीकडे वळायचे. त्यांना एक पडकी पाणचक्की सापडली होती, तिच्या चाकावर एक बगळा बसून गोल फिरायचा. टेकडीमागे मासे धरणारा एक कोळी होता, तो दर खेपेला इंग्रजीत एकच वाक्य बोलायचा आणि वानखडे दर खेपेला त्याला “बरं हाय, तुमी कसे?” असं विचारायचे. एका ठिकाणी गवताचा रंग बदलायचा. तिथं उभं राहिलं की एका पायाखाली हिरवं, दुसऱ्याखाली पिवळं. ही गोष्ट त्यांनी घरी बायकोला, बेबीताईंना, दोनदा सांगितली होती. त्यांच्या पिशवीत ऑफिसची एक जुनी चौकटींची वही असायची. तिच्यात ते पेन्सिलनं राज्याचा नकाशा काढत. आधी शीव, मग नाले, मग वाटा, हा क्रम. जिथं तीन रानं एकमेकांना मिळत, तिथं ते राज्यातलेच धोंडे गोळा करून एकावर एक रचून ठेवत. गेममध्ये याचे काही गुण मिळत नसत. नितेशनं हे त्यांना अनेकदा समजावून सांगितलं होतं.

मूर्तिजापूर आलं. श्यामनं पिशवी उचलली. “चलतो देवमनभाऊ. उद्या पान्याची वाट सापडली त सांगजा.”

तो टोमणा होता, पण मऊ होता.  नितेश तोंड फिरवून दाराशी जाऊन उभा राहिला.

नितेशच्या रागाला कारण होतं. राज्यवाल्यांनी जाहीर केलं होतं की या महिन्याच्या एकतीस तारखेच्या आत जे चमू किल्ला घेतील, त्यांची चार नावं किल्ल्याच्या चौकातल्या दगडावर कोरली जातील. दगड कायमचा. पुढे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचेल. नितेशला तिथं आपलं नाव हवं होतं. आणि खरं सांगायचं तर वानखड्यांनाही हवं होतं. त्यांनी आयुष्यभर जमिनीत दगड रोवले, एकावरही त्यांचं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पण एकतीस तारखेलाच ते निवृत्त होणार होते. त्यानंतर ही खिडकी दुसऱ्या कोणाची होणार होती. मेंढीकोटचे जुने भिडू आता कोणाला आठवतही नव्हते. या तिघांच्या शेजारी आपलंही नाव कुठंतरी राहावं, असं त्यांना फार वाटत होतं. इतकं, की त्यांना त्याची लाज वाटायची.

काटेपूर्णेपाशी रोजच्यासारखं नेटवर्क गेलं. डबा एकदम शांत झाला. रागिणीनं डोळे उघडले. ती बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, पहाटे साडेचारला उठून चार डबे करून निघायची, आणि अकोल्याला उतरून पुन्हा बस पकडायची. वय अडतीस. पण गाडीत डोळे मिटलेली असली की पन्नाशीची वाटायची.

“काकाजी,” ती म्हणाली, “एक इचारू? तुमाले किल्ला नको काय?”

“पायजे ना.”

“मंग तुमी असे काहून फिरत राहता? नितेश लय चिडला आज.”

वानखड्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कापसाची शेतं मागे जात होती. ही गोष्ट त्यांनी बेबीताईंखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

“तुमच्या बार्शीटाकळीकडचीच गोष्ट हाय,” ते म्हणाले. “बारा वर्सं झाले. मनकर्णाबाई म्हनून एक बाई होत्या. त्याइच्या बाजूवाल्यानं अति तातडीची मोजनी लावली. त्या दिवशी माह्याकडे तीन मोजन्या होत्या. साहेबाचा फोनवर फोन. मी एका टोकानं मोजत गेलो. आमचा जुना रिवाज असा का, आधी पूर्ण शिवेनं पायी एक फेरा मारायचा, मंगच टेप काढायची. त्या दिवशी नाई मारला. तिकडल्या कोपऱ्यात बाभळीचं झुडूप होतं दाट. मनकर्णाबाई म्हने, साहेब, एक फेरा मारून घ्या. मी म्हनलं, टाइम नाही बाई.”

“मंग?”

“जुना दगड त्या झुडपात होता. मी अलीकडचा, कोनीतरी मागून रोवलेला, खरा धरला. अकरा हात धुरा सरकला. त्याइची इहीर पलीकडे गेली.”

रागिणी सरळ बसली.

“मंग वरच्या साहेबानं फेरमोजनी केली. त्यानं दगड काढला शोधून. धुरा जिथल्या तिथं आला. पन त्याले तीन वर्सं लागले. तवरिक बाजूवाल्यानं इहीर बुजवून टाकली होती. मी सोता गेलो सांगाले का बाई, माहं चुकलं. त्याइनं मले च्या पाजला. शिवी नाही, काई नाही. म्हने, आता पानी कुठलं साहेब.”

बोरगावजवळ नेटवर्क आलं आणि डब्यात सगळीकडे मोबाइल वाजू लागले.  रागिणीनं हात पुढे केला. “दाखवा बरं तुमचं तळं.”

वानखड्यांनी मोबाइल तिला दिला. तळ्यावर सकाळ होती. पाण्यावर धुकं होतं आणि एक लांब पायांचा पक्षी पाऊल उचलायचं की नाही, याचा विचार करत उभा होता.

“इथी कोनी मारत नाही?” रागिणीनं विचारलं.

“उजेड हाय तवरिक कोनी येत नाही. अंधार पडला का लांडगे येतात.”

“चांगलं हाय,” ती म्हणाली. अकोला येईपर्यंत ती त्या पक्ष्याकडे पाहत राहिली. पक्ष्यानं पाऊल उचललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वानखड्यांनी मनावर घेतलं. बडनेऱ्याला गाडी हलली की ढाल पुढे, बाण दाखवील तिकडे धाव. तळ्याकडे पाहायचं नाही. कोळ्याला उत्तर द्यायचं नाही. आठवडाभर ते असे धावले. पण त्यांचा अंगठा तरुण नव्हता. नितेश “काकाजी, डावीकडे” म्हणेपर्यंत डावीकडचा राक्षस येऊन गेलेला असे. एकदा ते शेवटच्या दालनापर्यंत पोचले आणि तिथं ढाल उजवीऐवजी डावीकडे वळली. चौघं मेले. मूर्तिजापूर आलं. श्याम पिशवी उचलून उतरला. वानखड्यांना त्या आठवड्यात राज्यातलं काय पाहिलं ते आठवेना. मोजणीच्या घाईच्या दिवसांतली शेतं त्यांना अशीच आठवत नसत. ते घरी येऊन गुडघ्यावर शेक घेत बसले. बेबीताईंनी विचारलं, “आज गवत नाही पाह्यलं काय तुमी?” त्यांनी मान हलवली.

रविवारी गाडी नव्हती. दुपारचं जेवण झाल्यावर ते एकटेच राज्यात शिरले आणि सरळ तळ्यावर गेले. मनात दुसरं काही नव्हतं, आठवडाभराचा शीण काढायचा होता. काठानं त्यांनी पूर्ण फेरा घेतला, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा. दक्षिणेकडे वेलींची जाळी होती. एरवी ते तिला वळसा घालत. त्या दुपारी ते थांबले. बाभळीचं झुडूपच आठवलं त्यांना. ते जाळीत शिरले.

आत दगडी मोरी होती. तळ्याचं पाणी तिच्यातून आत जात होतं. मोरी उंच होती, माणूस वाकून जाईल एवढी. ते वाकून गेले. पावलं मोजत गेले, एकशे बेचाळीस. आणि पलीकडे वर पाहिलं तर डोक्यावर किल्ल्याची भिंत, आतल्या बाजूची. पुढे लोखंडी जाळीचं दार. त्यावर नेहमीची ओळ उमटली, चार जण आणा. दाराच्या फटीतून शेवटचं दालन दिसत होतं. पुढच्या दारातून तिथं पोचायला पंचवीस मिनिटं लागत. इथून दहा पावलं होती.

वानखडे पलंगावर उठून बसले. त्यांनी वही काढली आणि मोरी नकाशावर घातली.  “पान्याची वाट सापडली,” त्यांनी बेबीताईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “कव्हाचे शोधून राहिले होते.”

सोमवारी ते बडनेऱ्याला पंधरा मिनिटं आधी पोचले. वही हातातच होती. गाडी आली, गुडघा सांभाळत ते सगळ्यांच्या मागून चढले, आणि त्यांच्या खिडकीत कोणीतरी बसलेलं होतं.

“काकाजी, या, या,” नितेश अर्धवट उठला. “हा मनोज. आमच्याच ऑफिसात आला, बडनेऱ्याचाच हाय. मनोज, सरक जरा.”

मनोज सरकला. चांगला पोरगा होता, वाकून नमस्कार केला त्यानं. त्याच्या मोबाइलवर राज्य उघडलेलं होतं आणि त्याच्या हातात ढाल होती. वानखड्यांच्या ढालीपेक्षा दुप्पट मोठी.

नितेशचे कान लाल झाले होते. “काकाजी, रागावू नका. आता पाचच दिवस राह्यले. अन् तुमी त एकतीसले… म्हनजे पुढं बी चौथा लागनच ना आमाले.”

“बरोबर हाय,” वानखडे म्हणाले. “लागनच.”

ते बसले. पिशवी मांडीवर घेतली.  श्याम बाहेर पाहत होता. रागिणी मात्र सरळ त्यांच्याकडे पाहत होती. गाडी हलली.

वहीचं काय करायचं, हा प्रश्न टाकळी स्टेशन येईपर्यंत वानखड्यांच्या मनात होता. न सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते मोरीच्या तोंडाशी एकटे बसून राहिले असते आणि हे पुढच्या दारात मरत राहिले असते. हा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण ज्याला हद्द ठाऊक आहे आणि विचारलं तर सांगत नाही, असा भूकरमापक त्यांनी ऑफिसात पाहिला होता, आणि त्याच्याबरोबर ते कधी चहाला गेले नव्हते.

“नितेश,” ते म्हणाले, “पुढच्या दारानं जाऊ नको. हे पाह्य.”

त्यांनी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. नितेशनं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. “काकाजी, हे खरं हाय?”

“मी चाललो हाय त्यातून. एकशे बेचाळीस पावलं. वेलीच्या जाळीपाशी धोंडे ठेवले हाय मी खुनेले, चुकनार नाही.”

“मी बाहेर राहते,” रागिणी एकदम म्हणाली. “काकाजी जातीन आत.”

“नको बाई,” वानखडे म्हणाले. “तीर मारनारं पायजे त्याइले. माही ढाल त तशीबी उलटीच फिरते. तुमी जा.”



चौघं मोरीतून गेले. वानखडे राज्यात त्यांच्या पुढे चालत होते, वाट दाखवायला. लोखंडी दार उघडलं, चौघं आत गेले आणि दार पाचव्याच्या तोंडावर लागलं. मग वानखड्यांना फक्त आवाज ऐकू येत होते, मोबाइलमधले आणि बाकावरचे. “मनोज, पुढं हो.” “ताई, वरून, वरून मारा.” मनोजची ढाल जिथं हवी तिथं होती. माना गेलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे नितेश ओरडला आणि अर्धा डबा वळून पाहू लागला.

चार नावं दगडावर उमटली. नितेशनं मोबाइल सगळ्यांसमोर फिरवला. वानखड्यांनी चष्मा वर करून ती नीट वाचली. अक्षर चांगलं कोरलेलं होतं. मग त्यानं वाकून वानखड्यांच्या पायाला हात लावला. “तुमच्यामुळं झालं काकाजी.”

“चला, झालं बावा एकदाचं,” वानखडे म्हणाले. त्यांनी पिशवीतून दोन संत्री काढली, सोलली आणि फोडी सगळ्यांना वाटल्या. मनोजला एक जास्त दिली. श्यामनं उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तिथंच ठेवला. काटेपूर्णेला नेटवर्क गेलं तेव्हा वानखड्यांना बरं वाटलं. तोंड खिडकीकडे करून बसता आलं.

एकतीस तारखेला ऑफिसात शाल, नारळ आणि भाषणं झाली. साहेबांनी सांगितलं की वानखड्यांनी कधी घाई केली नाही. टाळ्या पडल्या. ती गोष्ट खरी नव्हती, पण दुरुस्त करायची ती जागा नव्हती. शेवटच्या गाडीनं ते घरी आले आणि पास टेबलाच्या खणात ठेवून दिला.

नंतरचे दिवस लांब होते. सवयीनं पाचला जाग यायची. अंघोळ, देवपूजा, पेपर, आणि तरी आठच वाजलेले असायचे. सव्वाआठला ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत, गुडघ्याखाली उशी घेत आणि राज्य उघडत. आता कोणी घाई करायला नव्हतं. उत्तरेकडचा अख्खा डोंगर बाकी होता. ते चालत, थांबत, धोंडे रचत. पण पूर्वी एखादी जागा सापडली की मान वर करून सांगायला समोर तीन माणसं असायची, ती ऐकत नसली तरी. आता मान वर केली की कॅलेंडर दिसायचं.

कधीकधी राज्यातल्या रस्त्यानं घोडे जात. धूळ उडवत चार स्वार येत आणि डोक्यावर नावं असत, नितेश, श्याम, रागिणी, मनोज. नवा महिना, नवा किल्ला. पडद्यावर क्षणभर ‘राम राम काकाजी’ उमटे, आणि वानखडे एका बोटानं ‘राम राम’ टाइप करेपर्यंत रस्ता मोकळा झालेला असे.

एका गुरुवारी रस्ता असाच मोकळा होता. आज घोडे लवकर गेले होते, त्यांना दिसलेही नव्हते. पावणेनऊ वाजले होते, म्हणजे श्याम उतरला असणार आणि खेळ संपला असणार. वानखडे तळ्यावर आले. पाहतात तो काठावर कोणीतरी उभं होतं. पाठीला धनुष्य, घोडा सोडून दिलेला. डोक्यावर नाव, रागिणी.

अक्षरं उमटली. ‘काकाजी इथं बसू काय थोडं. काल डबल ड्युटी झाली. आज पळायचा जीव नाही.’

वानखड्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. ‘बसा.’

दोघं बसले. राज्यात बसायला वेगळं बटण होतं, नितेशला ते कधी लागलंच नव्हतं. लांब पायांचा पक्षी पाण्यात उभा होता.  पाच-सात मिनिटं गेली असतील. तळ्यावरचं ऊन पिवळं झालं, मग तांबडं. राज्यातला दिवस लहान असतो. वानखड्यांनी लिहिलं, ‘अंधार पडते. चला आता.’ उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. रागिणी हलली नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला होता.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग त्यांना कळलं.

वेलींच्या जाळीतून पहिला लांडगा बाहेर आला. मागून दुसरा. वानखडे उठले. घाईघाईत बटण चुकलं, मग बरोबर लागलं. ते रागिणीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ढाल वर धरली. लांडगा ढालीवर आदळला. ढाल या वेळी उलटी फिरली नाही, कारण ती फिरवायचीच नव्हती. फक्त समोर उभं राहायचं होतं.

बेबीताई चहाचा कप घेऊन आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. “कोन बाई हाय ते मागं?”

“रागिणी हाय. नर्सबाई.”

“हालत काहून नाही?”

“काटेपूर्णा हाय,” वानखडे म्हणाले. “नेटवर्क गेलं. तिले मालूम बी नसन. झोपलीबी असन.”

“मंग तुमी काहून थांबले?”

“एकटी हाय ना.”

तिसरा लांडगा आला. वानखड्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अंगठा ढालीवरून काढला नाही. बेबीताईंनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्यावर बशी पालथी घातली. थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, “च्या निवून राहिला.”

“निवू दे,” वानखडे म्हणाले. “गाडी बोरगावले पोचू दे. मंग पितो.”